टर्मिनलवरच्या प्रोग्रामची स्क्रीन लुकलुकते: सगळं न पुसता फक्त बदललेलं कसं लिहायचं?

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:५२)

नमस्कार मंडळी,

रात्रीच्या शिफ्टला आम्हाला सर्व्हरवरच्या जॉबांच्या रांगेवर नजर ठेवावी लागते. त्यासाठी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. ४० ओळींचा तक्ता: शाखेचं नाव, रांगेत किती जॉब, किती अडकले, शेवटचा कधी संपला. खाली १० ओळींत लॉग. दर सेकंदाला सगळं ताजं होतं.

ऑफिसात सर्व्हरशेजारच्या मशिनवर छान चालतो. घरून व्हीपीएन आणि एसएसएचवरून (नेटवर्कवरून दूरच्या मशिनवर काम करायची सोय) लावला की दर सेकंदाला स्क्रीन काळी होते आणि वरून खाली भरत येते. थोडा वेळ बघितलं की डोळे दुखायला लागतात, आणि नेमका बदललेला आकडा त्या गोंधळात निसटतो.

माझी पद्धत साधी आहे: 'क्लिअर' कमांड चालवायची आणि मग एकेक ओळ प्रिंट करायची. खरं तर एका सेकंदात चार-पाच आकडेच बदलतात. मग एचटॉप, विम वगैरे टर्मिनलभर पसरणारी मंडळी इतकी शांत कशी असतात? त्यासाठी कर्सेस ही स्क्रीन हाताळणारी लायब्ररी शिकणं भागच आहे का?

---

पाऊलवाट (मंगळवार, सकाळी ८:१०)

रात्रपाळी, यात दोन वेगवेगळी दुखणी एकत्र आली आहेत.

एक म्हणजे तुम्ही आधी पुसता आणि मग लिहिता. टर्मिनल एम्युलेटर (टर्मिनलची खिडकी दाखवणारा प्रोग्राम) चित्र काढतो ते त्याच्या स्वतःच्या वेळापत्रकाने, बहुधा सेकंदाला ६० वेळा. तुमचा प्रोग्राम कुठवर आलाय हे त्याला माहीत नसतं. पुसण्याचा हुकूम पोचलाय आणि ओळी अजून वाटेत आहेत, अशा वेळी त्याची पाळी आली तर तो रिकामी स्क्रीन दाखवणार. जवळच्या मशिनवर ही फट डोळ्याला कळत नाही. एसएसएचवर ती चांगलीच रुंदावते.

दुसरं, पायथनचा प्रिंट टर्मिनलला जोडलेला असला की प्रत्येक ओळीच्या शेवटी बफर (साठवलेला मजकूर) रिकामा करतो. म्हणजे ५० ओळींचे ५० राइट. कुठल्याही दोन राइटच्या मध्ये अर्धवट चित्र दिसू शकतं. शिवाय 'क्लिअर' ही बाहेरची कमांड, तिच्यासाठी दर सेकंदाला नवी प्रोसेस उभी राहते ते वेगळंच.

कर्सेसशिवायचा उपाय असा (सिक्वेन्स, म्हणजे टर्मिनलला द्यायचे हुकूम, उच्चाराप्रमाणे लिहिते, प्रत्येकाच्या सुरुवातीला एस्केप आणि चौकोनी कंस धरा):

पूर्ण फ्रेम आधी एकाच स्ट्रिंगमध्ये तयार करा. सुरुवातीला 'मोठा एच', म्हणजे कर्सर वरच्या डाव्या कोपऱ्यात. पुसायचं नाही! जुन्या मजकुरावरच नवा लिहायचा. प्रत्येक ओळीच्या मजकुरानंतर 'मोठा के', तो कर्सरपासून ओळीच्या टोकापर्यंत पुसतो, त्यामुळे आधीची ओळ लांब असली तरी तिचं शेपूट उरत नाही. सगळ्यात शेवटी 'मोठा जे', तो खालचं उरलेलं पुसतो. मग ती स्ट्रिंग एकाच राइटमध्ये पाठवा आणि एकदाच फ्लश करा.

शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइन देऊ नका, स्क्रीन एक ओळ वर सरकेल. आणि ओळ अगदी शेवटच्या रकान्यापर्यंत भरत असेल तर तिच्यामागे 'मोठा के' लावू नका. शेवटच्या रकान्यात अक्षर लिहिल्यावर कर्सर लगेच पुढच्या ओळीत जात नाही, तिथेच अडून राहतो. त्या अवस्थेत पुसायला सांगितलं तर एक्सटर्मसारखे टर्मिनल तुम्ही नुकतंच लिहिलेलं शेवटचं अक्षरच पुसतात. सोपा मार्ग म्हणजे शेवटचा रकाना मोकळा सोडणं.

काम चालू असताना कर्सर लपवा: '? २५ छोटा एल'. परत दाखवायला '? २५ छोटा एच'. हे परत दाखवणं फायनली ब्लॉकमध्ये (प्रोग्राम मध्येच पडला तरी चालणारा भाग) ठेवा, नाहीतर प्रोग्राम मध्येच पडला की शेलमध्ये कर्सर गायब.

---

उंबरठा (मंगळवार, सकाळी ९:३५)

पाऊलवाट, हे आवडलं, वाचनखूण साठवली.

पण एक शंका. यातही पूर्ण स्क्रीनच पाठवतोय ना आपण? ५० ओळी, १०० रकाने, म्हणजे जेमतेम ५ केबी. आजच्या नेटवर्कला ते काहीच नाही. मग बदललेलं तेवढंच शोधून पाठवण्याचा खटाटोप आज कुणी का करावा?

---

माजी_ईडीपी (मंगळवार, दुपारी १:२०)

उंबरठा, प्रश्न रास्त आहे. आधी हा खटाटोप जन्माला का आला ते सांगतो, म्हणजे आज तो कुठे लागतो ते आपोआप कळेल.

मी ईडीपी विभागात (तेव्हाचा संगणक विभाग) लागलो तेव्हा एका युनिक्स मशिनला सिरियल केबलने डझनभर टर्मिनल जोडलेले असायचे. लाइन ९६०० बॉडची, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराचे ८ बिट, वर स्टार्ट आणि स्टॉप, असे १० बिट. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. स्क्रीन २४ ओळी गुणिले ८० रकाने, १९२० अक्षरं. पूर्ण स्क्रीन भरायला २ सेकंद! हीच स्क्रीन १२०० बॉडच्या मोडेमवर १६ सेकंद घेते आणि ३०० बॉडवर मिनिटभराहून जास्त. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी आख्खी स्क्रीन परत पाठवणं तिथे परवडणारच नव्हतं.

बर्कलीला बिल जॉय यांनी व्हीआय लिहिला तो अशाच मंद लाइनींवर वापरण्यासाठी. कर्सर इथून तिथे कमीत कमी अक्षरांत कसा न्यायचा याचा विचार त्यात होता. वेगवेगळ्या टर्मिनलांचे वेगवेगळे हुकूम एका जागी नोंदवणारं टर्मकॅपही त्यांचंच. केन अर्नोल्ड यांनी व्हीआयमधला कर्सर हलवण्याचा तो भाग घेऊन १९८० च्या आसपास कर्सेस लायब्ररी केली. रोग नावाचा खेळ तिच्यावर चालायचा. आज लिनक्सवर आपण वापरतो ती एनकर्सेस त्याच घराण्यातली.

कर्सेसची मांडणी मला आजही फार आवडते. ती दोन चित्रं जवळ ठेवते: टर्मिनलवर आत्ता काय आहे, आणि काय असायला हवं. तुम्ही जे लिहिता ते फक्त दुसऱ्या चित्रात जातं, टर्मिनलला एक बाइटही जात नाही. रिफ्रेश म्हटलं की ती दोन्ही चित्रं पडताळते आणि फरक तेवढा पाठवते.

त्या फरकाचाही हिशोब असतो. रात्रपाळींच्या तक्त्यातली १२ वी ओळ घ्या. ४० व्या रकान्यापासून १०४३ लिहिलंय, ते १०५१ झालं. १ आणि ० तेच आहेत. कर्सर ४२ व्या रकान्यात न्यायचा: एस्केप, कंस, १, २, अर्धविराम, ४, २, मोठा एच, हे झाले ८ बाइट. मग नवे दोन अंक. एकूण १० बाइट, ५००० च्या जागी.

आता त्याच ओळीत तीन अक्षरं सोडून पुढे आणखी एक अंक बदलला आहे. कर्सर तीन घरं (एका अक्षराची जागा म्हणजे एक घर) पुढे न्यायला एस्केप, कंस, ३, मोठा सी, असे ४ बाइट लागतात. मधली न बदललेली तीन अक्षरं तशीच पुन्हा लिहिली तर ३ बाइट. म्हणजे जे बदललेलंच नाही ते पुन्हा लिहिणं स्वस्त! एनकर्सेस हा हिशोब दर वेळी करते. आपल्याला तो दिसतही नाही.

मोजायच्या त्या बाइट, घरं नव्हेत. मी पुढच्या पोरांना हे आवर्जून सांगायचो.

थोडं अवांतर: मजकुरात मध्येच एक ओळ घातली की खालच्या सगळ्या ओळी एकेक घर सरकतात. त्या प्रत्येक ओळीतला फरक पाठवायचा, की टर्मिनललाच 'इथे ओळ घाल' म्हणायचं? यासाठी जेम्स गॉस्लिंग यांनी, ज्यांनी पुढे जावा भाषा केली, त्यांच्या ईमॅक्समध्ये डायनॅमिक प्रोग्रामिंग वापरलं आणि १९८१ साली त्यावर निबंधही लिहिला. तो कोड इतका अवघड होता की सोर्सच्या माथ्यावर इशारा म्हणून कवटी काढून ठेवली होती.

---

पाऊलवाट (मंगळवार, दुपारी २:०५)

माजी_ईडीपी, सुंदर प्रतिसाद. उंबरठा यांच्या 'आज कशाला' या प्रश्नाला माझी भर.

५ केबीचा हिशोब साध्या, बिनरंगी मजकुराचा झाला. आजच्या प्रोग्रामांत प्रत्येक घराला रंग असतो. ट्रूकलरचा (लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे देऊन रंग सांगणारा) एक हुकूम, तिन्ही आकडे २५५ धरले तर, १९ बाइट. अक्षराचा रंग आणि पार्श्वभूमी मिळून ३८. वर चौकटीच्या रेघेचं एखादं चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट. म्हणजे एका घरामागे ४१. २०० गुणिले ५० ची खिडकी म्हणजे १०,००० घरं, एका फ्रेमला ४ लाख १० हजार बाइट. कुणी हौसेने सेकंदाला ६० फ्रेम लावल्या तर २४ एमबीच्या वर, तेही दर सेकंदाला. हे नेटवर्कला झेपलं तरी टर्मिनललाही ते सगळं वाचून समजून घ्यावं लागतं, त्यात सीपीयू जातो.

म्हणून दोन गोष्टी कराच. चालू रंग लक्षात ठेवा आणि बदलला तरच हुकूम पाठवा. आणि काहीच बदललं नसेल तर काहीच पाठवू नका. ठरलेल्या ठोक्याने फ्रेम काढत राहणं खेळाला ठीक आहे, तक्त्याला नाही.

एका बाबतीत मात्र मी माजी_ईडीपींपेक्षा वेगळं म्हणेन. रात्रपाळींच्या कामाला घराघराचा फरक काढायची गरज नाही. मागच्या फ्रेमच्या ओळी एका लिस्टमध्ये ठेवा. नवी ओळ जुनीसारखीच असेल तर सोडून द्या, नसेल तर त्या ओळीवर कर्सर नेऊन पूर्ण ओळ लिहा. पायथनमध्ये हे दहा-बारा ओळींत होतं, आणि रंगाचे हुकूम ओळीच्या स्ट्रिंगमध्येच असल्याने वेगळा हिशोब ठेवावा लागत नाही. चार आकडे बदलले तर चार ओळी, ४०० बाइट. ५० बाइटपर्यंत उतरवण्यासाठी आणखी किचकट कोड मी तरी लिहिणार नाही.

रस्ट भाषेतली रॅटाटुई लायब्ररी घराघराचा फरक काढते, गो भाषेतली बबल टी बराच काळ ओळींवर भागवत होती. दोन्हींवर उत्तम प्रोग्राम झालेत.

---

माजी_ईडीपी (मंगळवार, दुपारी ३:४०)

ओळीओळीचा फरक इथे पुरेल हे मान्य. पण ओळीतच दोन-तीन पॅनेल शेजारी शेजारी असतील आणि त्यातलं एक सतत हलत असेल, तर शेजारच्यांनाही विनाकारण पुन्हा पुन्हा लिहावं लागेल. मग घरांवर या.

---

रात्रपाळी (मंगळवार, रात्री १०:१५)

मनापासून आभार सगळ्यांचे. पाऊलवाट यांनी सांगितल्याप्रमाणे पुसणं काढलं, एकच राइट केला. काळी स्क्रीन थांबली! फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. एक, जास्त ओळी बदलल्या की घरून कधीकधी वरचा अर्धा तक्ता नवा आणि खालचा जुना असं क्षणभर दिसतं. दोन, खालचा लॉग. नवी ओळ आली की दहाही ओळी बदलतात, त्यामुळे ओळींच्या फरकाचा तिथे काही फायदा होत नाही.

आणि ऑफिसातल्या एकाने कर्सेसमध्ये करून बघितलं तर त्याचंही लुकलुकतंय. असं कसं?

---

पाऊलवाट (बुधवार, सकाळी ७:५५)

कर्सेसचं आधी सांगते, कारण ते बऱ्याच जणांचं होतं. तो बहुधा प्रत्येक फेरीत 'क्लिअर' फंक्शन बोलावत असेल. नावावरून वाटतं की ते फक्त आपलं चित्र कोरं करतं. पण ते कर्सेसला असंही सांगून ठेवतं की पुढच्या रिफ्रेशला टर्मिनल खरोखर पुसून सगळं नव्याने काढ. म्हणजे दोन चित्रं पडताळायची सगळी मेहनत फुकट. त्याच्या जागी 'इरेज' वापरायला सांगा. ते फक्त मनातलं चित्र कोरं करतं, मग तुम्ही तेच आकडे परत लिहिलेत तर फरक शून्य आणि टर्मिनलला काहीच जात नाही.

खिडक्या अनेक असतील तर प्रत्येकीला वेगळा रिफ्रेशही नको. प्रत्येकीवर 'नो-आउट-रिफ्रेश' आणि शेवटी एकदाच 'डू-अपडेट'.

आता अर्धवट तक्ता. तुम्ही एकच राइट केलात तरी टर्मिनलला तो एकाच घासात मिळेल याची हमी नाही. मधे पीटीवाय (प्रोग्राम आणि टर्मिनल जोडणारा सिस्टीमचा दुवा), एसएसएच, नेटवर्कचे पॅकेट. यावर अलीकडे चांगला तोडगा निघाला आहे, सिंक्रोनाइझ्ड आउटपुट, मोड २०२६. फ्रेमच्या आधी '? २०२६ छोटा एच' आणि नंतर '? २०२६ छोटा एल'. मधल्या काळात टर्मिनल वाचत राहतो पण दाखवत नाही, शेवटचा हुकूम आला की एकदम दाखवतो. किटी, फूट, वेझटर्म, अलाक्रिटी, आयटर्म२ यांना हे कळतं. ज्यांना कळत नाही ते दुर्लक्ष करतात, त्यामुळे लावून टाकायला भीती नाही. प्रोग्राम मध्येच अडकला तर टर्मिनल थोडी वाट बघून आपणहून दाखवतो.

---

माजी_ईडीपी (बुधवार, सकाळी १०:३०)

लॉगसाठी टर्मिनलमध्येच सोय आहे आणि ती जुनी आहे. डेक कंपनीने १९७८ साली आणलेल्या व्हीटी१०० टर्मिनलमध्ये स्क्रोलिंग रीजन होता आणि आजचे एम्युलेटर त्याच्याच वळणावर चालतात.

तुमचा लॉग ४१ ते ५० या ओळींत आहे ना? मग '४१ अर्धविराम ५० छोटा आर' पाठवा. आता सरकणं तेवढ्याच पट्ट्यात होईल. कर्सर ५० व्या ओळीवर न्या, न्यूलाइन द्या, पट्टा एक ओळ वर सरकतो, वरचा तक्ता जागचा हलत नाही. मग नवी ओळ लिहा. दहा ओळींऐवजी एकच ओळ गेली. काम झालं की नुसता 'छोटा आर' पाठवून पट्टा मोडा. पट्टा ठरवताना आणि मोडताना कर्सर वरच्या कोपऱ्यात उडी मारतो, म्हणून त्यानंतर जागा नव्याने सांगायची.

पट्टा पूर्ण रुंदीचाच असतो हे ध्यानात ठेवा. लॉग डावीकडे आणि दुसरं काही उजवीकडे असेल तर हे चालणार नाही. डाव्या-उजव्या कडा ठरवण्याची सोय काही टर्मिनलांत आहे, पण तिच्यावर विसंबू नये.

कर्सेसमध्ये हेच हवं असेल तर खिडकीला 'स्क्रोल-ओके' आणि 'आयडीएल-ओके' दोन्ही चालू करा. मग कुठल्या ओळी नुसत्याच सरकल्यात हे एनकर्सेस स्वतः ओळखते.

---

अक्षरओळख (बुधवार, दुपारी १२:४५)

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही आणि मराठी माणसाच्या तक्त्यात ती हमखास आडवी येते. रात्रपाळी, शाखांची नावं देवनागरीत आहेत का?

असतील तर वरचा सगळा हिशोब एका गृहीतकावर उभा आहे: कुठलं अक्षर किती घरं घेतं हे प्रोग्राम आणि टर्मिनल दोघांना सारखंच वाटतं. देवनागरीत तसं नाही.

'रत्नागिरी' घ्या. पायथनचा लेन सांगेल ९, कारण तो कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) मोजतो: र, त, हलन्त, न, काना, ग, पहिली वेलांटी, र, दुसरी वेलांटी. मार्कुस कून यांच्या प्रसिद्ध डब्ल्यूसीविड्थ या रुंदी सांगणाऱ्या फंक्शनच्या हिशोबाने ८ घरं, कारण हलन्ताला शून्य पण काना आणि दोन्ही वेलांट्यांना एकेक घर. जो हिशोब सगळ्या मात्रा-वेलांट्यांना शून्य धरतो त्याच्या मते ५. आणि आपण वाचतो तशी अक्षरं धरली, र, त्ना, गि, री, तर ४. युनिकोडनेही १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकच धरलं आहे.

'पुणे' मात्र डब्ल्यूसीविड्थमध्येही २ आणि मात्रा शून्य धरणाऱ्या हिशोबातही २. उकार आणि मात्रा युनिकोडच्या दृष्टीने जागा न खाणाऱ्या चिन्हांत मोडतात, काना आणि वेलांट्या जागा खाणाऱ्यांत. म्हणून 'पुणे' असलेली ओळ नीट दिसते आणि 'रत्नागिरी'ची तिरकी होते, आणि माणूस कोडमध्ये भलतीकडेच चूक शोधत बसतो.

फरक पाठवणाऱ्या प्रोग्रामला हे जास्त भोवतं. पूर्ण ओळ लिहिणाऱ्याचा रकाना फार तर सरकतो. फरक पाठवणारा मात्र 'आकडा ४२ व्या घरात आहे' असं समजून तिथे अंक लिहितो, प्रत्यक्षात आकडा ४५ व्या घरात असतो, आणि स्क्रीनवर नवा-जुना मिळून तिसराच आकडा तयार होतो. जॉबांची रांग बघताना हे धोक्याचं आहे.

माझा सल्ला: आकड्यांचे रकाने आधी ठेवा, नाव ओळीच्या शेवटी. मग नावाच्या रुंदीवर पुढचं काहीच अवलंबून राहत नाही. नाव पहिलंच हवं असेल तर नावानंतर रिकाम्या जागा मोजून भरू नका, पुढच्या रकान्याचा क्रमांक थेट सांगा: '२० मोठा जी' म्हणजे याच ओळीत २० वा रकाना. आणि अशा ओळीत काहीही बदललं की आधी ओळ पुसून ती पूर्ण लिहा. पाऊलवाट यांचा मोड २०२६ असेल तर ते पुसणं दिसणारही नाही.

टर्मिनललाच विचारायचाही मार्ग आहे. सुरुवातीला एकदा, टर्मिनलच्या पर्यायी ('अल्टरनेट') स्क्रीनवर, नाव लिहा आणि '६ छोटा एन' पाठवा. टर्मिनल कर्सर कुठे आहे ते उत्तरात पाठवतो, त्यावरून त्या नावाला त्याने किती घरं दिली ते कळतं. प्रत्येक नावाची रुंदी अशी मोजून ठेवली की अंदाज बांधायचं कारण नाही. तुमची ४० नावं असतील, एकदाच मोजायची आहेत.

---

रात्रपाळी (बुधवार, दुपारी १:३०)

अक्षरओळख, हो! नावं देवनागरीतच आहेत, आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी या ओळी पहिल्यापासून वाकड्या दिसायच्या. मी फॉन्टला दोष देत होतो. नाव शेवटच्या रकान्यात हलवतो.

---

डोंगरवारा (बुधवार, रात्री ९:२०)

मी बरंच काम प्रवासात मोबाइल हॉटस्पॉटवरून करतो, कोकण रेल्वेच्या बोगद्यांतूनसुद्धा. तिथे लुकलुकीपेक्षा वाईट गोष्ट अनुभवाला येते: स्क्रीन शांत दिसते, पण दाखवते ते आधीचं असतं.

कारण असं. प्रोग्राम दर सेकंदाला फ्रेम ओततो, लाइन तेवढी वाहून नेत नाही. मधले बफर, पीटीवायचे, एसएसएचचे, टीसीपीचे, भरत जातात. तुम्ही बघताय त्या आकड्यांच्या मागे कितीतरी फ्रेमा रांगेत उभ्या असतात. रांगेवर नजर ठेवणारा प्रोग्राम स्वतःच रांगेत अडकतो. म्हणून तक्त्यात सर्व्हरची वेळ सेकंदांसकट जरूर दाखवा, माहिती किती शिळी आहे ते लगेच कळतं. आणि फ्रेम लहान ठेवा, त्यासाठी वरचा सगळा खटाटोप वसूल आहे.

दुसरा उपाय मॉश, दूरच्या मशिनवर काम करायला एसएसएचच्या जागी वापरायचा प्रोग्राम. एमआयटीच्या कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ साली तो मांडला. एसएसएच प्रोग्रामने लिहिलेला प्रत्येक बाइट क्रमाने पोचवतो. मॉश सर्व्हरच्या बाजूला स्क्रीनचं चित्र ठेवतो आणि तुमच्याकडचं चित्र व सध्याचं चित्र यांतला फरक यूडीपीवरून पाठवतो. मधल्या फ्रेमा हुकल्या तर हुकल्या, शेवटची मिळते. बोगद्यातून बाहेर आलं की थेट ताजी स्क्रीन! माजी_ईडीपींनी सांगितलेली कर्सेसची दोन चित्रं, फक्त मधे आख्खं नेटवर्क. अडचण एवढीच की त्याला ६०००० ते ६१००० मधले यूडीपी पोर्ट लागतात आणि कंपनीच्या फायरवॉलमध्ये ते सहसा बंद असतात.

आणखी एक, कळकळीने. माझा एक सहकारी दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. टर्मिनलमध्ये नवीन जे काही उमटतं ते रीडर वाचून दाखवतो. पूर्ण तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला किंवा कोपऱ्यात गोल फिरणारं चिन्ह ठेवलं की कामाचं काही ऐकूच येत नाही. फक्त बदललेलं लिहिणं हा त्याच्यासाठी वेगाचा प्रश्न नाही, प्रोग्राम वापरता येणं की न येणं याचा आहे. यादीत निवड हलवताना कर्सर खरोखर त्या ओळीवर न्या, नुसती ओळ उलट्या रंगात दाखवू नका. लपवलेला असला तरी कर्सरची जागा रीडरला आणि ब्रेल पट्टीला उपयोगी पडते. आणि सगळा फिरता ऐवज बंद करून साध्या ओळी छापणारा एक पर्याय कमांडला ठेवा.

---

पाऊलवाट (बुधवार, रात्री १०:०५)

डोंगरवारा, स्क्रीन रीडरचा मुद्दा काढलात ते फार बरं झालं. टर्मिनल म्हणजे आपोआप सगळ्यांना वापरता येणारं, असा समज असतो. पूर्ण स्क्रीन व्यापणारे प्रोग्राम ती सोय सर्रास मोडतात.

---

उंबरठा (गुरुवार, सकाळी ९:१५)

माझ्या 'कशाला' चं उत्तर मिळालं, धन्यवाद. एक शेवटचा प्रश्न. प्रोग्राम मागची फ्रेम लक्षात ठेवतो आणि फरक पाठवतो. पण मधेच दुसऱ्या कुणी स्क्रीनवर काही लिहिलं तर? म्हणजे सर्व्हर बंद होणार असल्याची सूचना सगळ्या टर्मिनलांवर येते ती?

---

माजी_ईडीपी (गुरुवार, सकाळी ११:००)

तेव्हा प्रोग्रामची समजूत आणि खरी स्क्रीन यांची फारकत होते, आणि ती प्रोग्रामला कळायचा मार्ग नाही. सूचनेचा मजकूर ज्या ओळींवर उमटला त्या बदलल्या नाहीत तर तो कचरा तसाच पडून राहणार. व्हीआयमध्ये कंट्रोल-एल दाबलं की सगळं नव्याने निघतं, ते यासाठीच. रात्रपाळी, तुमच्या प्रोग्रामलाही तशी एक कळ ठेवा: मागच्या फ्रेमची लिस्ट रिकामी करायची, एकदा खरोखर पुसायचं, पुढची फ्रेम पूर्ण जाते.

हीच गोष्ट आणखी दोन वेळा करायची. खिडकीचा आकार बदलला की प्रोग्रामला सिगविंच हा सिग्नल येतो. आकार बदलताना टर्मिनल ओळींचं काय करतो, मोडतो की कापतो, ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून जुन्या चित्रावर विश्वास ठेवू नका. आणि कंट्रोल-झेडने थांबवून परत आणलं की सिगकॉन्ट येतो, मधल्या काळात तिथे शेलने लिहिलेलं असतं.

---

रात्रपाळी (गुरुवार, रात्री ११:३०)

ओळींचा फरक, मोड २०२६, लॉगला पट्टा, नाव शेवटच्या रकान्यात, कंट्रोल-एल आणि सर्व्हरची वेळ, सगळं बसवलं. आज घरूनच शिफ्ट करतोय आणि स्क्रीनवर फक्त आकडे बदलतात. साध्या ओळी छापणारा पर्याय या आठवड्यात घालतो.

विनाकारण काही लिहिलं जातंय का हे तपासायचं असेल तर? नेटवर्क आज चांगलं चाललंय, त्यामुळे डोळ्यांनी काही कळत नाही.

---

माजी_ईडीपी (शुक्रवार, सकाळी ८:४०)

'स्क्रिप्ट' कमांड लावून तिच्यात तुमचा प्रोग्राम मिनिटभर चालवा. टर्मिनलला गेलेला प्रत्येक बाइट फाइलमध्ये उतरतो. फाइल किती मोठी झाली हे पहिलं उत्तर.

मग तीच फाइल पीव्ही या कमांडमधून पुन्हा टर्मिनलवर सोडा, वेगमर्यादेला मोठा एल आणि ९६० असा पर्याय देऊन. म्हणजे ९६०० बॉडची लाइन झाली. खिडकीचा आकार रेकॉर्ड करतानाचाच ठेवा. ज्या ओळीत बदल नाही ती जर हळूहळू पुन्हा रेखाटली जाताना दिसली, तर तिथे अजून काम बाकी आहे.